अडीचशे किलो खारं पाणी

३ फेब्रु., सोम.
हो, माशांचीच टाकी. खाऱ्या पाण्याची. आन ओठ पायरीवर पडून न्हाय फुटला, दिरानी फोडला.

गोडाऊनातल्या नंदाला दोन्ही एका दमात सांगितलं, तर डब्यातला घास तोंडात तसाच ठेवून बघत बसली. "आधी काय झालं, बाय? टाकी का ओठ?"

आधी टाकी, मंग ओठ.

शनवारी आमच्या गोडाऊनच्या बायकांची भिशी निघाली. डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या हलवल्या, चिठ्ठी माझी. चाळीस हजार. घरी येईस्तोवर भावजींना वास लागलेला. (भावजी म्हंजे धाकटा दीर. पुढं नुसतं भा. लिहीन, जास्त शाई त्याच्यावर घालवायची न्हाय.) बोलला, "वैनी, पुढच्या खोलीत तुमी एकट्याच. पत्र्याचं पार्टिशन टाकू, वर माळा काढू, गोडाऊनची पोरं ठेवू भाड्यानी. भिशीचे पैसे त्यात घाला. तुमी झोपा मागं, चुलीपाशी."

पुढची खोली ह्यांची होती. हे गेले, आता माझी. पण कागद कोणाकडं? घरपट्टी अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर येते.

तोंडातून निघून गेलं, "पैसे संपले, भावजी. माशांची टाकी घेतेय. समुद्राच्या माशांची."

तो आधी हसला. "वैनी, मासे खायचे असतात."

"तुमी खा. मी बगीन."

मंग मारलं. अंगठीच्या हातानी. मी पण चावली, अंगठ्याच्या खाली. दात सगळे हायत माझे अजून.

गंमत अशी, की टाकीचं मी तोपर्यंत ठरवलंच नव्हतं. त्याला डिवचायला बोलली. ओठ फुटला आन ठरलं.

५ फेब्रु., बुध.
शिफ्ट सुटली, रिक्षानी भिवंडीत. मासेवाला जमील. दुकानात शिरली तर मान वर न करता बोलला, "काकी, मच्छी मार्केट पीछे है."

"मालूम है. उधर का सब खा लिया. अब जिंदा दिखाओ."

तेव्हा बघितलं त्यानी माझ्याकडं. ओठाकडं पण. विचारलं न्हाय काय. बरा माणूस.

नारिंगी मासा दाखवला, पांढऱ्या पट्ट्याचा. जोकर बोलतात त्याला. हाच. हे हॉस्पिटलात होते तेव्हा बाकड्यासमोर टाकी होती, त्यात हाच होता. आतून नर्स येऊन काय बोलायची ते आठवत न्हाय, हा मासा आठवतो. एका जागी उभा राहून शेपूट हलवत होता, जसा काय त्याचा पण कोण आत ऍडमिट हाय.

भाव ऐकून उठली, परत बसली. मासा स्वस्त, पाणी महाग. दगड किलोवर! सहाशे रु. किलो. जिंदा पत्थर बोलतो. मी एक उचलून कानाला लावला. "बोलता तो नहीं."

"काकी, इसके अंदर बारीक जान रहती है. वो पानी साफ रखती है."

"मेरे घर में भी एक बारीक जान है. वो कुछ साफ नहीं रखती."

जाताना बोलला, "सोच लो. एक बार तीन फुट का टँक भर गया तो हिलाना नहीं. पानी, पत्थर, स्टँड, ढाई सौ किलो. हिलाया तो काच गया."

हिलवायचं न्हाय?

रिक्षात बसून हसली मी. ओठ परत फुटला.

९ फेब्रु., रवि.
आमच्या गोडाऊनात एक कायदा हाय, कुठं लिहिलेला न्हाय. माल ज्याचा, जागा त्याची. कोण पार्टी माल टाकून गेली आन मैनोन्मैने उचलला न्हाय, तर मॅनेजर पण ती जागा दुसऱ्याला देताना घाबरतो. पडलेला माल बोलतो. भाड्याची पावती गप्प बसते.

माझ्या खोलीत काय माल? एक गादी, एक ट्रंक. भा. एका हातानी उचलून मागं टाकील. अडीचशे किलो पाणी उचलून दाखव म्हणावं.

तर बजेट. कॅलेंडरच्या मागं लिहिलं, सगळं तीनदा खोडलं. काच सहा हजार. स्टँड नाक्यावरचा वेल्डर साडेतीन बोलतो, मी तीन देणार. पाणी ढवळायचे पंखे, फेस काढायचं मशीन, लाइट, असं सगळं बारा. दगड दहा किलो, सहा. पाणी थंड करायचं मशीन पंचवीस हजार! तेवढ्यात माणूस थंड होतो. कटाप. बाटलीत बर्फ करून सोडीन, वरून टेबलफॅन. गोडं पाणी जारचं, नळाचं चालत न्हाय बोलला. मासे शेवटी, जे उरंल त्यात.

आन मीठ. बादलीतलं परदेशी मीठ, पाच हजार.

ह्याला मी फुली मारली. माझा बाप जन्मभर मिठागरात राबला. माझ्या पायाच्या भेगांत लहानपणी मीठ असायचं. मी मीठ विकत आणू? ते पण बादलीतलं? भावाला फोन केला, दोन गोणी पाठव. पाच हजार वाचले. आजची कमाई.

१६ फेब्रु., रवि.
स्टँड आला. काळा रंग दिलेला, चांगला जड. पोरांनी ओटीवर ठेवला तोच भा. उठून आला, लाथ घातली. लोखंडाला लाथ! अंगठा धरून नाचला. मी बोलली, "भावजी, हळद हाय का कोणाची? नाचताव कशाला?"

मंग स्टँड उचलून रस्त्यावर फेकला. ट्रेलर येत होता, ड्रायव्हरनी ब्रेक मारला, आईबहीण काढली.

मी आत जाऊन त्याचा मोबाईल घेतला आन पाण्याच्या पिंपात सोडला. "बगा, जगतो का."

पट्टा काढला त्यानी. पाठीवर तीन, एक मानेवर. सुगंधा, माझी जाऊ, मधी पडली तर तिला पण. ती ओरडत न्हाय. तीच गोष्ट जास्त लागते. मी ओरडते, शिव्या घालते, आख्ख्या वडपे गावाला कळतं. ती नुसती तोंडावर पदर घेऊन खाली बसते, पाऊस थांबायची वाट बघतात तशी.

रात्री हळद लावली तिनी पाठीला. बोलली, "ताई, कशाला मुद्दाम काडी लावता?"

"मजा येते."

खरंच बोलली मी. मार खाताना पण एक क्षण असा येतो, की त्याचं तोंड बघून हसायला येतं.

स्टँड आत आणला. एक पाय वाकडा. वेल्डर शंभर घेऊन सरळ करून गेला. बजेट: +१००.

२३ फेब्रु., रवि.
टाकी आली!! जमीलची माणसं आली, भिंतीला लावून बसवली, खाली थर्माकोल. मंग जार ओतायला बसली मी. एकामागून एक. हात गळून गेले. पाणीवाला पोऱ्या बोलला, "मावशी, लग्न हाय का?"

संध्याकाळी भा. आला, उभा राहिला. बघितलं. खांदा लावला. ढकललं. परत ढकललं. मानेच्या शिरा वर आल्या. टाकीतलं पाणी जरासं हललं, त्याच्याकडं बघून हसल्यासारखं, बास.

मी गादीवर बसून शेंगा खात होती. "जेवून या, भावजी. रिकाम्यापोटी व्हायचं न्हाय."

मारलं न्हाय आज. दाराला बुक्की मारून गेला. खोलीत माल पडला.

२ मार्च, रवि.
माहेरचं मीठ आलं. गोणी उघडली आन खाडीचा वास. तोंडात एक खडा टाकला, मंग टाकीत. काठीनी ढवळत बसली, बापासारखी. मीठ मोजायचा काटा जमीलनी दिलेला, तो बरोब्बर हिरव्या पट्टीवर आला. सुगंधाला बोलवून दाखवलं. बोलली, "पाणी मळकं का?"

बसंल खाली. बापानी पिकवलेल्या जागेचं मीठ हाय.

दगड पण टाकले.

९ मार्च, रवि.
बसलं न्हाय. पेज झालीय नुसती. दगडांवरचा जांभळा रंग उडाला, पांढरे पडले. एका दगडात गोगलगाय निघाली होती चार दिवसांमागं, आज उलटी पडलेली. वास मारते.

पाणी बाटलीत भरून जमीलकडं. त्यानी बाटली उजेडात धरली, हुंगली, डोक्याला हात लावला.

"काकी, कौन सा नमक डाला?"

"मेरे बाप का."

"अल्लाह. काकी, ये समंदर नहीं है. अचार का पानी है."

मंग समजावलं. मिठागरात खारं पाणी सुकवतात तेव्हा मीठ खाली बसतं आन वरचं कडू पाणी सोडून देतात. त्या कडू पाण्यातच दगडाला आन किड्याला लागतं ते सगळं असतं. म्हंजे बाप जन्मभर समुद्रातला समुद्र ओतून देत होता आन खडे घरी आणत होता. ते कडू पाणी मीच लाथेनी नालीत लोटलंय. लहानपणी तेच काम माझ्याकडं होतं.

त्या वक्ताला जमीलवर जाम राग आला. दुकानातली एक काचेची बरणी उचलली पण होती मी. त्यानी हळूच हातातून काढून घेतली. "ये मत तोडो, चार सौ की है."

बादली घेतली मिठाची. पाच हजार. आधी वाचवले होते ते हेच. आन परत सगळे जार. बजेट फुटलं. मैनाभर ओव्हरटाइम लिहून दिला सुपरवायझरला.

जुनं पाणी मागच्या अंगणात ओतलं. भा.ची मिरचीची रोपं होती तिकडं. विसरली बुवा.

११ मार्च, मंगळ.
रोपं मेली. मिरच्यांचा सूड लाकडी दांड्यानी. उजवा हात वर होत न्हाय. शिफ्टला लेबलं डाव्या हातानी लावली, सगळी तिरकी.

सुपरवायझर बोलला, "काय मावशी, दारू पिऊन आलात?"

"न्हाय, दिरानी पिली. चढली मला."

३० मार्च, रवि.
पाणी काचेसारखं! जमील स्वतः आला बघायला, चहा पिला. बोलला, आता एक स्वस्तातला टाकून बघा, जगला तर पुढं. निळा मासा दिला, बोटाएवढा. "ये मरता नहीं. लेकिन बदमाश है, मारता है."

सोडल्या सोडल्या त्यानी सगळ्या दगडांना चक्कर मारली, एक भोक धरलं आन माझ्या बोटावर धावून आला. काचेबाहेरच्या बोटावर! एवढासा जीव आन केवढी मस्ती.

नाव ठेवलं: भावजी.

६ एप्रिल, रवि.
वडप्यातल्या बायका बघायला येतात. पोरं काचेला नाक लावतात. मी मुद्दाम मोठ्यानी बोलते, भिंतीपलीकडं जावं म्हणून. "भावजी, किती खाल? पोट बगा." "भावजी, भिताव कशाला, बाहेर या." बायका पदर तोंडात कोंबून हसतात.

काल नाक्यावर कोणतरी भा.ला हाक मारली, "काय रे, टाकीतून बाहेर कधी आला?"

घरी आला तो आलाच. केस धरून डोकं काचेवर आपटलं माझं, दोनदा. काच फुटली न्हाय. बारा एम.एम.ची घेतलेली, जमील बोलला होता पाचशे जास्त लागतील, मी कुरकुर केली होती. पाचशे वसूल.

डोळ्यापुढं सगळं निळं निळं. आतला भावजी भोकात जाऊन बसलेला.

त्यानी कानात सांगितलं, हळू, "वैनी, एक दिवस तुला ह्यातच बुडवीन." न ओरडता बोलला. पट्ट्याला मी घाबरत न्हाय. ह्या आवाजाला घाबरली.

१५ एप्रिल, मंगळ.
ओव्हरटाइमच्या पैशात जोकरची जोडी आणली होती परवा. अठराशे. थैलीसकट पाण्यात ठेवली, सावकाश सोडली. नारिंगी. दोघं एकमेकांच्या अंगाला अंग लावून कोपऱ्यात उभे. मी समोर बसून जेवली. हॉस्पिटलानंतर पहिल्यांदा.

आज शिफ्टवरून आली तर मोठा तळाशी. शेपूट खाल्लेलं, एक डोळा काढलेला. निळा अजून टोचे मारत होता. मेलेल्याला. दुसरा पंख्याच्या मागं लपलेला, अंग फाटलेलं.

जाळी घेऊन निळ्याच्या मागं लागली, घामाघूम. सापडत न्हाय, दगडात घुसतो. जमीलला फोन. बोलला, सगळे पत्थर बाहेर काढा, तेव्हा हाताला लागेल. म्हंजे एका मारकुट्यासाठी आख्खं घर मोडायचं आन उरलेल्याला पण मारायचं. न्हाय काढले.

मी आयुष्यात हजारो मासे विळीवर कापलेत, डोकी उडवलीत, गाभोळी काढताना गाणी म्हटलीत. ह्या अठराशेच्या अर्ध्या मेलेल्याला रडली. सुगंधा बोलली, "ताई, कालवण करायचं का?"

दोघी हसून हसून लादीवर आडव्या. तिच्या बरगडीला दुखत होतं, धरून हसत होती. बरगडीला का दुखतं ते मी विचारलं न्हाय. तिनी सांगितलं न्हाय.

२२ एप्रिल, मंगळ.
मी ड्युटीवर, भा.नी फ्यूज काढून खिशात घातला. दुपारची उन्हं, पत्रा तापलेला, पंखे बंद. पाणी चहा करण्याएवढं गरम. आली तर दोघं वर येऊन हवा गिळत होते, मारणारा आन मार खाणारा, शेजारी शेजारी.

तांब्यानी पाणी उचलून वरून ओतत बसली, हवा मिळावी म्हणून. सुगंधा गुपचूप बर्फ घेऊन आली सोडावाल्याकडून. एक हात तिचा, एक माझा.

भा. दारात उभा राहून फ्यूज वर उडवून झेलत होता. "वैनी, दहा पोरांचा ॲडव्हान्स घेतलाय मी ठेकेदाराकडून. मैनाअखेर खोली पायजे. न्हायतर तो माझे पाय तोडील."

"तुमचे पाय, तुमचा ॲडव्हान्स."

फ्यूज दिला न्हाय. वायरमनला दोनशे देऊन दुसरा बसवला.

मासे वाचले.

४ मे, रवि.
आज थोडक्यात.

भा. दुपारी हळदीवरून आला, ढोसून. मागं दोन पोरं, गाद्या डोक्यावर. ठेकेदाराची पोरं आजच घुसवायची होती. हातात पहार. सुगंधाला बोलला, वैनीची ट्रंक बाहेर काढ. सुगंधा बोलली, न्हाय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्यासमोर बोलली, आन बोलली ते न्हाय. केस धरून फरफटवली तिला. डोकं उंबऱ्यावर. रक्त. पोरं गाद्या टाकून पळाली.

मंग पहार घेऊन टाकीकडं. स्टँडच्या पायावर एक घातली, खण्ण. पाय वाकला. टाकी राहिली. परत उगारली.

टाकी फुटली.

आवाज आला न्हाय तेवढा. आधी पांढरी रेघ, मंग सगळी भिंतच पुढं आली. तीन फुटाचा समुद्र त्याच्या अंगावर. तो आडवा, काच खाली, काच वर. बोर्डातून ठिणग्या. पाणी लाल झालं, उंबऱ्यावरून ओटीवर, ओटीवरून रस्त्यावर.

लोक जमले. "पहारीनी फोडली, बेवड्यानी." "स्वतःवरच घेतली." रिक्षात घालून नेला.

निळा मासा ट्रंकेच्या मागं तडफडत होता. हातानी उचलला, बोटाला चावला. हंड्यात टाकला, त्याच्या तळाला टाकीसाठी कालवलेलं थोडं खारं पाणी राहिलं होतं. नारिंगी दिसलाच न्हाय. मंग झाडूत आला.

५ मे, सोम.
निळा जमीलला देऊन आली. त्यानी भाव विचारला न्हाय, मी सांगितला न्हाय.

भा. सरकारी दवाखान्यात. उजव्या पिंडरीच्या मागची नस तुटली, घोट्याला जाते ती. शिवलीय. डॉक्टर बोलला, चालेल, पण पाऊल पहिल्यासारखं दाबता येणार न्हाय. टेम्पो चालवतो तो. ब्रेक कशानी मारणार?

सुगंधाच्या डोक्याला टाके. दोघी एका बाकड्यावर. हवालदार आला. "काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचा तात्या सगळं बोलून मोकळा. हवालदार मला विचारतो, "बरोबर?" मी पदरानी डोळे पुसले. त्यानी लिहून घेतलं.

९ मे, शुक्र.
भा. शुद्धीत, दारू उतरलेली. मला बघून हात जोडले. ह्या माणसानी मला आजवर हात जोडून नमस्कार पण घातला नव्हता.

"वैनी, मला काय आठवत न्हाय. पहार उचलली तेवढं आठवतं. मी एवढा पिलो होतो?"

"हो."

"पाय गेला माझा. माझ्याच हातानी."

मी संत्रं सोलत होती. सोलतच राहिली. फोडी त्याच्या हातावर ठेवल्या आन आली.

घरात खोली ओली. भिंतीला मिठाची पांढरी रेघ आलीय, गुडघ्याएवढी. पुसली तरी परत फुटते.

१३ मे, मंगळ.
तात्या आन दोन पंच आले. बोलले, पोलीस केस वाढवू नका, घरातल्या घरात मिटवा. भा. तयार हाय. पुढची खोली माझ्या नावानी, स्टॅम्पपेपरवर, वर टाकीची भरपाई हप्त्यानी. ठेकेदाराचं तो बघून घेईल. शनवारी पंचायतीत सगळ्यांसमोर. मी एवढंच करायचं, उभं राहून बोलायचं, की टाकी दिरानी फोडली, मी माफ करते. मंग सह्या.

म्हंजे खोली मिळाली. टाकी न ठेवता मिळाली. चाळीस हजार, ओव्हरटाइम, पाठ, डोकं, एक जोकर, त्याची जोडीदारीण. मिळाली.

सुगंधा सोमवारपासून आमच्या गोडाऊनला लागली, माझ्याच टेबलावर. आता तिच्या एकटीच्या पगारावर घर. लेबलं सरळ लावते. आज जेवताना माझ्याकडं टक लावून बघत होती. मी बोलली, "काय गं?"

"काय न्हाय, ताई."

ती तेव्हा उंबऱ्यावर पडलेली. तोंडावर पदर होता. मला वाटतं, होता.

१६ मे, शुक्र.
उद्या अकराला पंचायत. लुगडं काढून ठेवलं, निळं. नंदा बोलली, "आता मोठी टाकी घे, बाय, चार फुटी. आता कोण हात लावत न्हाय." मी हसली, भाव सांगितले तिला, दगड किलोवर कसे ते सांगितलं. सगळ्यांना हसवलं.

घरी आली तर भा. ओटीवर, काठी टेकून. मला बघून उठायला गेला, पाय मुडपला, पडला. मी धरला. हलका झालाय. बोलला, "उद्या सगळ्यांसमोर कबूल करतो, वैनी. तुमी काळजी करू नका. माझंच पाप."

आत आली, दार लावलं. बसलीय.

सगळे बोलतात त्यानी फोडली. तो पण बोलतो. मी अजून एकदा पण बोलली न्हाय, नुसते डोळे पुसले. उद्या तोंडानी बोलावं लागंल. बोलीन का, माहीत न्हाय. न्हाय बोलली तर खोली जाते, मी पण जाते. बोलली तर तो जन्मभर लंगडत स्वतःला शिव्या घालत बसणार. आन मला ते बघायला आवडेल, हे पण खरं.

टाकी त्यानी न्हाय फोडली. त्यानी दुसऱ्यांदा पहार उगारली तेव्हा मी मागून वरवंटा फेकला. टाकीवर न्हाय. त्याच्या डोक्यावर. जीव घ्यायलाच फेकला.

नेम चुकला.